एक गिटार, पाच आवाज आणि उलटी लागलेली तार

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मामा गिटार पाठीला लावून दुकानात आले. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बाजूला माझं अँप्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिटार वर्षाकाठी चार-पाचच येतात. मामा तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतात. पार्टीतली पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

"भैय्या, हिच्यातनं एकच आवाज निघायलाय. अन् त्याच्यापेक्षा घुमणंच जास्त ऐकू यायलंय. चौदा एप्रिलच्या आत काहीतरी कर."

चौदा एप्रिल ही त्यांची खरी मुदत. भीमजयंती त्या दिवशी सुरू होते आणि आमच्याकडे गावोगावचे कार्यक्रम मे संपेपर्यंत चालतात. एका रात्रीत वीस-पंचवीस गाणी, त्यात भीमगीतं, मध्येच एखादी कव्वाली, दोन-तीन जुनी हिंदी आणि पोरांच्या आग्रहाखातर एखादं डिस्टॉर्शनवालं. गिटार एकच. गाण्यागणिक बदलायला दुसरी आणायची तर ती गाडीत ठेवायला जागा नाही, कारण तिथे ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बँजोची पेटी असते.

मामांना हवं होतं 'चांगलं पिकअप', म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारा भाग. कुणीतरी त्यांना एका नावाजलेल्या कंपनीचं नाव सांगितलं होतं आणि ते त्यासाठी पैसे साठवून आले होते. मी म्हणालो, "मामा, आधी गाणी सांगा, पिकअप नंतर." वहीच्या पाठच्या पानावर आम्ही पाच ओळी लिहिल्या: ढोलकीच्या वर टिकणारी झणझणीत ऱ्हिदम, कव्वालीसाठी गोलसर मऊ आवाज, जुन्या हिंदी गाण्यांच्या मधल्या तुकड्यांसाठी काचेसारखा स्वच्छ, जाड लीड, आणि या सगळ्यांत घूं आवाज नको. ही यादी केली नसती तर मी त्यांना महागडं हंबकर (दोन कॉईलचं, न घुमणारं पिकअप) बसवून दिलं असतं आणि ते आठ दिवसांत परत आले असते.

गिटार उघडली. स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची स्वस्त प्रत, तीन सिंगल कॉईल (एकेका कॉईलची) पिकअप. वरून सहा खांब दिसतात ते नुसत्या लोखंडाचे, खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. मीटरवर तिन्ही सहा किलोओहमच्या आसपास, म्हणजे कॉईल शाबूत. व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे तिन्ही पॉट 'बी ५००के', म्हणजे लिनिअर. म्हणूनच मामांची व्हॉल्यूमची तक्रार होती की दहावरून तीनपर्यंत फिरवलं तरी फरक नाही आणि मग एकदम धपकन आवाज जातो. कानाला हळूहळू उतरतोय असं वाटायला 'ए' लिहिलेला ऑडिओ टेपरचा पॉट लागतो. पोरीच्या शाळेच्या दप्तरातलं छोटं होकायंत्र पिकअपवर धरलं तर तिन्हींचा वरचा ध्रुव उत्तर निघाला. तिथेच अर्धं दुखणं सापडलं. (होकायंत्र फार जवळ न्यायचं नाही. स्वस्तातल्या सुईचेच ध्रुव उलटतात. माझं एक असंच गेलं आहे.)

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. स्ट्रॅटच्या एका पिकअपमध्ये साधारण साडेसात ते आठ हजार वेढे असतात. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉईलमध्ये व्होल्टेज तयार होतं. पण त्याच कॉईलला शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही तितक्याच आवडीने लागतं. दोन कॉईल उलट्या वेढ्यांच्या घेतल्या तर बाहेरून आलेला हम, म्हणजे हे घुमणं, एकमेकांना मारतो. पण मग तारेचा आवाजही मरेल, म्हणून चुंबकही उलटं करायचं. दोन्ही उलटं झालं की तारेचा आवाज पुन्हा सुलटा आणि हम तेवढा गायब. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये याच कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला आणि हंबकर हे नाव 'हम मारणारा' अशा सरळ अर्थाने पडलं. हीच युक्ती स्ट्रॅटमध्ये मधलं पिकअप उलटं करून वापरतात, म्हणजे स्विचच्या पाच जागांपैकी जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात त्या दोन आणि चार नंबरच्या जागी हम जातो. मामांच्या गिटारीत तिन्ही सारखीच होती, त्यामुळे स्विच कुठेही ठेवला तरी घुमणं ठरलेलं.

पण सगळंच घुमणं एका जातीचं नसतं. दुकानात अँपला लावून मी मामांना खुर्चीवर बसल्या बसल्या गोल फिरायला लावलं. मारवाडी गल्लीकडे तोंड केलं की हम वाढे, भिंतीकडे केलं की कमी होई. दिशेनुसार बदलतो तो चुंबकीय हम, त्यावर गिटारच्या आतून लावायची तांब्याची पट्टी काहीच करत नाही. मग तारांवर हात ठेवायला सांगितला, तर वरचा चिरचिर आवाज विझला. ही दुसरी जात, ट्यूबलाइट आणि डिमरमधून येणारी. ती शिल्डिंगने, म्हणजे त्या पट्टीने जाते. पिकअप बदलायचं की पट्टी लावायची हे या दोन परीक्षांवरून ठरतं, आणि यांना तर दोन्ही लागणार होतं.

तारांवर हात ठेवल्यावर आवाज कमी होतो तो ब्रिजला, म्हणजे तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या पत्र्याला लावलेल्या अर्थच्या तारेमुळे. मामा म्हणाले, "ती तार तोड बगा. माइकला ओठ लागला की झटका बसतो." दोन महिन्यांपूर्वी औशाकडे एका मंडपात त्यांना चांगलाच बसला होता. मी तार तोडली नाही. जनरेटरच्या बोर्डवर अर्थिंग नसतं, मिक्सर एकीकडच्या बोर्डवर, अँप दुसरीकडच्या. अशा वेळी मीटर लावला तर माइक आणि गिटारच्या तारांमध्ये शंभर व्होल्टच्या आसपास दिसू शकतात. करंट थोडा असला तर नुसता झिणझिणतो, पण वायरिंगमध्ये खरीच गळती असेल तर जीव जातो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर, तीन पिनांची, आणि बोर्डला जमिनीत ठोकलेला अर्थ एवढं मंडपवाल्याकडून करून घ्या, आणि गाण्याआधी माइकची जाळी आणि तारा यांच्यात मीटर लावून बघा, असं मी त्यांना वहीत लिहून दिलं. नंतर त्यांनी खिशात स्वस्तातला मीटर ठेवायला सुरुवात केली. या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम मला तेच वाटतं.

आता निवड. तीन वाटा होत्या. तिन्ही जागी एकावर एक कॉईल असलेली बिनहमची पिकअपं घ्यायची, तर खर्च जास्त आणि जाड लीडचा प्रश्न तसाच. ब्रिजला सिंगलच्या मापाचं दोन पट्ट्यांचं रेल हंबकर बसवायचं, तर पिकअप जिच्यात बसतात ती वरची प्लेट कापावी लागत नाही. तिसरी वाट पूर्ण मापाच्या हंबकरची. मी रेलकडेच झुकलो होतो. पण पार्टीतल्या एका पोराच्या मोडक्या गिटारीतलं हंबकर मामांकडे पडून होतं, बिननावाचं, चार तारांचं, मीटरवर ८.२ किलोओहम. प्लेट काढली तर खाली लाकडात पिकअपचे वेगवेगळे कप्पे नव्हतेच, एकच मोठा हौद होता. लाकूड कापायचं काम वाचलं आणि रेल बाद झालं. मानेकडच्या आणि मधल्या जागेसाठी अल्निको चुंबकाच्या पिकअपांचा जोड मागवला, मधलं उलट्या वेढ्यांचं.

हंबकर-सिंगल-सिंगल भोकांची प्लेट आली ती आठ स्क्रूंची. बॉडीला होते अकरा. जुनी भोकं टूथपिक आणि फेव्हिकॉलने बुजवली. याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते जोडणीबद्दल, कारण तिथे मी चुकलो.

चार तारांच्या हंबकरमध्ये प्रत्येक कॉईलची दोन टोकं बाहेर येतात आणि एक उघडी तार शिल्डची. रंगांचा नियम कंपनीगणिक वेगळा. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट (आवाज बाहेर नेणारी), लाल आणि पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला (अर्थकडे). डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र. मीटर लावला तर काळी-पांढरी ही एक जोडी आणि लाल-हिरवी दुसरी, प्रत्येकी ४.१. डंकनच्या पद्धतीशी जुळतंय म्हणून मी तसंच जोडलं. एकटं हंबकर वाजवलं तर झकास, जाड, हम नाही. आतल्या दोन कॉईल एकमेकींशी बरोबर जुळल्या होत्या.

स्विचचं मी असं केलं होतं. स्ट्रॅटच्या पाच जागांच्या स्विचला दोन बाजू असतात. एका बाजूने पिकअप निवडले जातात, दुसरी टोनच्या पॉटसाठी. (१९५४ मध्ये स्ट्रॅट आली तेव्हा स्विच तीनच जागांचा होता. वाजवणारे दांडी मध्ये अडकवून दोन पिकअपांचा आवाज काढायचे. पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ मध्ये दिला. मामांनीही पहिल्या गिटारीत काडेपेटीची काडी खोचून हेच केलं होतं म्हणे.) मी टोन एकच ठेवला, सगळ्यांसाठी, आणि मोकळी झालेली दुसरी बाजू हंबकर अर्धं करायला वापरली. दोन नंबरला गेलं की हंबकरची एक कॉईल आपोआप बंद, उरलेली मधल्या पिकअपबरोबर. गाणं चालू असताना मामा त्यासाठी वेगळं बटण ओढणार नाहीत हे मला माहीत होतं.

दोन नंबरला स्विच नेला आणि मामांनी कॉर्ड वाजवला. आवाज असा आला की जणू गिटार पत्र्याच्या डब्यात ठेवून वरून झाकण लावलंय. बास गायब, नाकातला, बारीक. आणि हम तसाच.

"हे काय झालं?" मी म्हणालो. मामा मात्र काही बोलले नाहीत, तेच तेच वाजवत राहिले.

झालं होतं ते सरळ होतं. हंबकर एका कंपनीचं, मधलं दुसऱ्या. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण तार वर जाताना एकाचं व्होल्टेज वर तर दुसऱ्याचं खाली. दोघांमध्ये सारखं असलेलं सगळं, म्हणजे मुख्यतः बास, एकमेकांत वजा होतं आणि उरतो तो फरक. हे बसवण्याआधी तपासायला दोन मिनिटं लागतात. काट्याचा मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिकअपला लावायचा, लोखंडी पेचकस खांबांवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. काटा एका बाजूला हलतो. मीटरच्या तारा न बदलता प्रत्येक पिकअपला काटा त्याच बाजूला हलला पाहिजे. मी हे केलं नव्हतं. प्लेट बंद करून आठही स्क्रू आवळल्यावर केलं.

उपाय म्हणजे हंबकरच्या हॉट आणि ग्राउंडच्या तारांची अदलाबदल. शिल्डची उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहते, ती फिरवली तर पिकअपचा सगळा पत्रा अँटेना होतो. अदलाबदल केली. आवाज भरला, डबा गेला. हम मात्र हटला नाही.

इथे मी अर्धा तास घालवला. शेवटी पुन्हा होकायंत्र काढलं. मधल्या पिकअपचा वरचा ध्रुव दक्षिण. हंबकरच्या दोन ओळींपैकी स्क्रूच्या ओळीचा दक्षिण, गुळगुळीत खांबांच्या ओळीचा उत्तर. आवाज एका दिशेत असताना हम जायचा तर मधल्याच्या उलट ध्रुवाची कॉईल चालू राहायला हवी, म्हणजे गुळगुळीत खांबांची. मी दोन कॉईलमधला जोड ग्राउंडला पाठवत होतो, त्यामुळे नेहमी हॉटच्या बाजूची कॉईल उरायची. तारा उलटवल्यावर हॉटच्या बाजूला स्क्रूची कॉईल आली होती, नेमकी चुकीची. जोड ग्राउंडऐवजी हंबकरच्या स्वतःच्या हॉट तारेला पाठवला. ती कॉईल स्वतःतच शॉर्ट झाली आणि दुसरी उरली. स्वतःच्या हॉट तारेला, आउटपुटला नव्हे. आउटपुटला दिला तर तीन आणि चार नंबरलाही हंबकरची अर्धी कॉईल आगंतुकासारखी वाजत राहते, कारण त्या जागांवरही स्विचची ही बाजू जुळलेलीच असते. सोल्डर मारलं, फुंकर घातली, कान लावला. शांत.

"आता मस्त," मी म्हणालो.

मामांनी वाजवून बघितलं, मान हलवली, आणि म्हणाले, "चांगलंय. पण तो मघाचा डबा पण ठेव की."

मला वाटलं चेष्टा करतायत. ते करत नव्हते. पार्टीत बँजोवाला असतो, पण प्रत्येक कार्यक्रमाला येत नाही. तो नसला की त्याचे तुकडे कीबोर्डवाला वाजवतो आणि ते मामांना सोसत नाही. "डब्यात बँजोचा वास हाय," असं त्यांचं म्हणणं. शिवाय ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड या तिघांनी मिळून बास आधीच भरलेला असतो. बास नसलेली गिटार त्यातून सुईसारखी वर येते. माझ्या कानाला तो दोष होता, त्यांच्या कानाला गिऱ्हाईक मिळालेला आवाज.

मग एका टोनमुळे मोकळ्या राहिलेल्या तिसऱ्या पॉटच्या भोकात फेज उलटण्याचा, म्हणजे हंबकरच्या हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल करणारा स्विच दिला. आधी ओढायचं बटण असलेला पॉट घेतला होता, पण त्याचं बूड इतकं खोल की हौदाच्या तळाला टेकलं. म्हणून सहा पायांचा छोटा टॉगल, कोपऱ्याकोपऱ्यात फुलीसारख्या दोन तारा. पॉटचं भोक टॉगलपेक्षा मोठं, दोन वॉशर घालून बसवला. जोड टॉगलच्या पुढच्या, म्हणजे उलटून आलेल्या हॉटला लावला. गंमत अशी की असं केलं तर टॉगल फिरवल्यावर उरणारी कॉईलही बदलते, आणि उलट्या फेजमध्येही हम कापला जातो. हे मी आधी कागदावर काढलं नव्हतं. करून झाल्यावर कळलं.

आतून तांब्याची पट्टी लावली. तिच्या गोंदातून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा थेंब. व्हॉल्यूमला 'ए ५००के' ठेवला, कारण हंबकरला तो बरा. सिंगल कॉईलना २५० किलोओहम मानवतो, नाहीतर कानात टोचतात. त्यासाठी मान आणि मधल्या पिकअपच्या पायांपासून ग्राउंडला ४७० किलोओहमचा एकेक रेझिस्टर दिला. पाचशेला तो समांतर आला की २४२ होतात. चार नंबरला दोन्ही रेझिस्टर एकदम येतात आणि आवाज थोडा मऊ होतो. कव्वालीचा आवाज तिथेच सापडला, मी ठरवून दिला असं म्हणणं खोटं ठरेल.

दोन दिवसांनी मामा परत. वरच्या जाड तारा मानेवरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) पुढे बेसूर. "सूर लावला तरी लागंना." जुन्या सिरॅमिक पिकअपच्या उंचीवर मी नवी बसवली होती. अल्निकोच्या खांबांमध्ये चुंबक थेट तारेखाली येतं आणि तारेला ओढतं. शेवटच्या पट्टीवर तार दाबून मानेचं पिकअप तारेपासून जाड बाजूला दोन मिलिमीटर, बारीक बाजूला दीडच्या थोडं वर अंतर राहील एवढं खाली घेतलं. सूर लागला. स्क्रू फिरवायचे पैसे घेतले नाहीत. मामांना मात्र त्या दोन स्क्रूंमुळे आवाजात पडलेला फरक नव्या पिकअपपेक्षा जास्त वाटला, आणि ते फारसं चूक नव्हतं.

एकच गोष्ट मी त्यांना पटवू शकलो नाही, ती केबल. पिकअपचा चमकदारपणा जिथे शिखराला जातो ती जागा पिकअपच्या इंडक्टन्सवर आणि केबलच्या कपॅसिटन्सवर ठरते. केबलचे मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड धरा आणि कॉईलचे स्वतःचे आणखी शंभर. २.४ हेन्रीच्या सिंगल कॉईलला सहा मीटर केबल लावली तर शिखर ३,९०० हर्ट्झच्या आसपास येतं, दहा मीटर लावली तर ३,१००. म्हणजे चार मीटर जास्तीच्या वायरीने सिंगल कॉईल हंबकरच्या दिशेला सरकते. मामांची केबल दहा मीटरची. झणझणीत ऱ्हिदमसाठी सहाची घ्या म्हणालो. "अन् मी स्टेजच्या पुढं कसा येऊ?" या प्रश्नावर माझ्याकडे गणित नव्हतं.

बारा एप्रिलला गिटार गेली. मजुरी आठशे झाली, त्यातले दोनशे त्यांनी चहाच्या टपरीवर वसूल केले. मे महिन्यात निलंग्याकडच्या एका गावात मी मुद्दाम गेलो. रात्रीचे साडेबारा, जनरेटर मंडपाच्या अगदी मागे. तीन नंबरला हम येत होता. तिथे मधलं पिकअप एकटंच असतं आणि त्याला मारायला दुसरी कॉईल नसते. मामा तीन नंबरला फारसे थांबतच नव्हते. त्या दिवशी बँजोवाला आलेला नव्हता. एका भीमगीताच्या मधल्या संगीताला मामांनी उजव्या हाताच्या करंगळीने टॉगल पाडला. त्यावर नातीच्या नेलपेंटचा लाल ठिपका लावलेला होता, अंधारात दिसावा म्हणून. आवाज एकदम बारीक होऊन ढोलकीच्या वरून निघाला, पुढच्या रांगेतल्या दोन बाया वळून बँजोवाला कुठे बसलाय ते शोधायला लागल्या.